टाकी कुठे फुल करायची?

सावंतवाडीहून म्हापशाला रोज कामावर जाणाऱ्या दुचाकीस्वाराला पेट्रोलचा भाव विचारला, तर तो एक नाही, दोन भाव सांगतो. एक इकडचा, एक तिकडचा. इकडचा म्हणजे बांद्यापर्यंतचा आणि तिकडचा म्हणजे पत्रादेवीचा नाका ओलांडल्यावरचा. २०२५च्या मध्यावर या दोन भावांत लिटरमागे आठ-नऊ रुपयांचा फरक होता. साहजिकच सिंधुदुर्गाच्या या टोकाला इकडच्या पंपावर गाडी लावायची ती अडल्यानडल्यालाच, तीही पन्नास-शंभरचं पेट्रोल टाकून नाका गाठण्यापुरती. टाकी फुल करायची ती गोव्यात. दोडामार्गात तर गोव्याची हद्द इतकी जवळ आहे की त्यासाठी वेगळं निमित्तही लागत नाही.

हाच व्यवहार नवापूरकर गुजरातेत जाऊन करतो. तलासरीकडचा माणूस वापीच्या बाजूला जातो, आणि काही वर्षं कागलचा माणूस निपाणीला जात असे. ‘काही वर्षं’ म्हणायचं कारण पुढे येईलच. हद्दीवरच्या गावांत पेट्रोलचा दर हा दुधाच्या दरासारखा घरोघरी ठाऊक असलेला विषय असतो. पुण्या-मुंबईच्या प्रवाशाला मात्र तो सुट्टीत गाडी घेऊन बाहेर पडल्यावर समजतो, तोही बहुतेक वेळा उलट्या क्रमाने: निघताना घराजवळच्या पंपावर टाकी काठोकाठ भरून घ्यायची आणि हद्द ओलांडल्यावर पहिल्याच पंपाचा फलक पाहून हळहळायचं.

एकाच देशात, एकाच कंपनीच्या दोन पंपांवर, एकाच दर्जाच्या पेट्रोलचा भाव इतका वेगळा का असतो? ‘वाहतुकीचा खर्च’ हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं उत्तर. पण या उत्तराची पंचाईत करणारं उदाहरण मुंबईतच आहे.

चेंबूरजवळच्या माहुलला दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, एक भारत पेट्रोलियमचा आणि दुसरा हिंदुस्थान पेट्रोलियमचा. दोन्ही १९५०च्या दशकातले. भारत पेट्रोलियमच्या कारखान्यातून निघणारी एक नळवाहिनी कसारा घाटाच्या बाजूने वर चढते, मनमाडला जाते, तिथून इंदूरजवळच्या मांगलियाला आणि पुढे थेट दिल्लीच्या वेशीवरच्या बिजवासनला पोहोचते. मुंबईत तयार झालेलं पेट्रोल हजारभर किलोमीटरहून अधिक प्रवास करून दिल्लीच्या बाजारात उतरतं. आता भाव पाहा. २०२५च्या मध्यावर दिल्लीत पेट्रोल ९४ रुपये ७७ पैसे लिटर होतं. आणि ज्या शहरात ते तयार होतं, जिथे माहुलच्या रहिवाशांना कारखान्यांचा वासही फुकटात मिळतो, त्या मुंबईत एकशे साडेतीन रुपये.

या पावणेनऊ रुपयांच्या फरकाची फोड केली की चित्र उलगडतं. तेल कंपनीचा भाव, वाहतूक, केंद्राचं उत्पादनशुल्क आणि पंपचालकाचं कमिशन इथपर्यंतची रक्कम दिल्लीत साधारण ७९ रुपये ४० पैसे होते. मुंबईत ती होते ७८ रुपये ७० पैशांच्या आसपास, म्हणजे दिल्लीपेक्षा कमीच. कारखाना दारात असल्याचा फायदा मिळतो, पण तो लिटरमागे सत्तर पैशांचा. त्यानंतर राज्याचा कर येतो. दिल्लीचा व्हॅट १९.४० टक्के, म्हणजे सुमारे १५ रुपये ४० पैसे. महाराष्ट्राचा २५ टक्के आणि वर लिटरमागे ठोक ५ रुपये १२ पैसे, मिळून पावणेपंचवीस रुपयांच्या घरात. फरक तयार होतो तो इथे.

हा व्हॅट तेलाच्या मूळ भावावर लागत नाही. केंद्राचं शुल्क, टँकरचं भाडं आणि पंपचालकाचं कमिशन हे सगळं मिळवून जी बेरीज येते, तिच्यावर तो टक्क्यांनी लागतो. करावर कर, भाड्यावरही कर. त्यामुळे केंद्राने शुल्क एक रुपयाने वाढवलं की महाराष्ट्रातल्या ग्राहकाला सव्वा रुपया मोजावा लागतो, वरचा पाव रुपया राज्याच्या तिजोरीत जातो. केंद्राने शुल्क कमी केलं की राज्याचं उत्पन्नही आपोआप घटतं. केंद्र आणि राज्य एकमेकांकडे बोट दाखवतात ते या गणितातूनच.

राज्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. एप्रिल २०२५पासून पेट्रोलवर केंद्राचं एकूण शुल्क लिटरमागे २१ रुपये ९० पैसे झालं. त्यातलं मूळ उत्पादनशुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. राज्यांना वाटा मिळतो तो या एवढ्याशा रकमेतून. बाकीचे साडेवीस रुपये विशेष शुल्क आणि उपकर या नावांनी केंद्राकडेच राहतात. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा राज्यांच्या हातचे बहुतेक कर गेले. मनाजोगता दर ठरवता येईल अशा मोठ्या वस्तू दोनच उरल्या, दारू आणि इंधन.

या दोन वस्तूंचं नातं महाराष्ट्राने जीएसटीच्या थोडं आधीच अनुभवलं होतं. महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश एप्रिल २०१७मध्ये अमलात आला आणि राज्याच्या महसुलाला खिंडार पडलं. त्याच महिन्यात पेट्रोलवरचा अधिभार तीन रुपयांनी वाढला. कधी एक थेंबही न घेतलेल्या माणसाने बंद पडलेल्या बारची भरपाई पेट्रोलपंपावर केली. त्याआधी २०१५च्या सप्टेंबरअखेर दुष्काळनिवारणासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर दोन रुपये चढले होते. दुष्काळ हटतो, दुकानं पुन्हा उघडतात, अधिभार मात्र वेगवेगळ्या रूपांत मुक्कामाला राहतो.

मग अंतराला काहीच किंमत नाही का? आहे, पण ती राज्याच्या आत दिसते. वर्तमानपत्रात इंधनदरवाढीची बातमी आली की तिच्यात परभणीचं नाव हमखास असतं. राज्यातलं सर्वांत महाग पेट्रोल कुठे, तर परभणीत. मराठवाड्याच्या या जिल्ह्याला इंधन येतं ते मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून, सुमारे तीनशे किलोमीटरवरून. टँकर भरून येतो आणि रिकामा परत जातो. भाडं दोन्ही फेऱ्यांचं धरलं जातं, धंद्यातली माणसं त्याला ‘आरटीकेएम’ म्हणतात. त्या भाड्यावर पुन्हा २५ टक्के व्हॅट. म्हणून परभणीत मुंबईपेक्षा लिटरमागे तीन-चार रुपये जास्त पडतात. राजस्थानच्या श्रीगंगानगरची गोष्ट अशीच, फक्त मोठ्या प्रमाणावर. दूरचा डेपो आणि वर ३६ टक्के व्हॅट, यामुळे १७ फेब्रुवारी २०२१ रोजी साध्या पेट्रोलने देशात पहिल्यांदा शंभरी ओलांडली ती तिथे. शेजारी पंजाबात ते कितीतरी स्वस्त मिळत होतं.

पानेवाडीचं नाव निघालं की आणखी एक आठवण निघते. भावांतल्या फरकाने नेहमी फक्त प्रवासीच हलतात असं नाही. रेशनचं रॉकेल आणि डिझेल यांच्या भावात जेव्हा मोठी दरी होती, तेव्हा एकात दुसरं मिसळण्याचा धंदा मनमाडच्या परिसरात फोफावला होता. मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलातली ही चोरी पकडताना २५ जानेवारी २०११ रोजी तिथेच भर दिवसा जिवंत जाळण्यात आलं. दोन भावांमधली फट किती महाग पडू शकते, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिलं.

आता निपाणीची गोष्ट. पुणे–बेंगळुरू महामार्गावर कागल सोडलं की कर्नाटक लागतं आणि थोड्याच वेळात निपाणी येतं. बाजारात मराठी, बोर्डांवर कन्नड आणि घरातल्या लेकीसुना निम्म्या कोल्हापूरच्या. या पट्ट्याने गेल्या काही वर्षांत इंधनाच्या भावाचे जे हेलकावे पाहिले, ते हा विषय समजून घ्यायला कुठल्याही अहवालापेक्षा जास्त उपयोगाचे आहेत.

नोव्हेंबर २०२१. दिवाळीच्या तोंडावर केंद्राने उत्पादनशुल्क पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर दहा रुपयांनी कमी केलं. कर्नाटकाने लगोलग आपल्या बाजूने दोन्हींवर आणखी सात रुपये उतरवले. महाराष्ट्र जागचा हलला नाही. चित्र असं झालं: मुंबईत पेट्रोल १०९ रुपये ९८ पैसे, बेंगळुरूत १०० रुपये ५८ पैसे. डिझेल मुंबईत ९४ रुपये १४ पैसे, बेंगळुरूत ८५ रुपये १ पैसा. हे दोन राजधान्यांचे भाव. हद्दीवर आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण कल तोच राहतो. कोल्हापूर पासिंगच्या गाड्या निपाणीच्या पंपांवर रांगा लावू लागल्या.

दुचाकीवाले आणि कारवाले हा त्यातला छोटा हिस्सा. खरा हिशेब ट्रकचा. भरलेला मोठा ट्रक लिटरला चार किलोमीटरच्या आसपास ॲव्हरेज देतो आणि त्याच्या टाकीत तीनशे-साडेतीनशे लिटर सहज मावतात. निपाणी ते मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आत, जाऊन-येऊन साडेआठशे. लागणारं डिझेल दोनशे दहा-बारा लिटर. म्हणजे निपाणीत टाकी फुल केलेला ट्रक मुंबईला माल उतरवून, परतीचा माल भरून, महाराष्ट्रात एक थेंब डिझेल न घेता पुन्हा निपाणीला पोहोचू शकत होता. लिटरमागे नऊ रुपये धरले तर एका फेरीला जवळपास एकोणीसशे रुपये वाचले. महाराष्ट्राचे रस्ते वापरले, टोल भरला, इंधनावरचा कर मात्र कर्नाटकाला. करवाढ करून तिजोरी भरते असं समजणाऱ्यांनी हा ट्रक डोळ्यांसमोर ठेवावा.

जुलै २०२२मध्ये महाराष्ट्रात सरकार बदललं आणि पेट्रोलवर पाच, डिझेलवर तीन रुपये उतरले. दरी अरुंद झाली, पण बुजली नाही. मग जून २०२४मध्ये, लोकसभेचे निकाल लागल्यावर दोन आठवड्यांच्या आत, कर्नाटकाने पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्क्यांवर नेला. भाव तीन रुपयांनी वाढले. त्याच महिनाअखेर महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात उलट घडलं. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. तोपर्यंत मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या महानगरांत डिझेलवर २४ टक्के कर होता आणि उरलेल्या राज्यात २१ टक्के. तो सगळीकडे २१ टक्के झाला. पेट्रोलचाही दर सगळीकडे २५ टक्के झाला. मुंबईकराला पेट्रोल ६५ पैशांनी आणि डिझेल दोन रुपयांनी स्वस्त पडलं. एप्रिल २०२५मध्ये कर्नाटकाने डिझेलवर पुन्हा कर वाढवला, यावेळी दोन रुपयांचा.

शेवटी काय झालं? २०२५च्या मध्यावर बेंगळुरूत डिझेल ९० रुपये ९९ पैसे आणि मुंबईत नव्वदच्या आसपास होतं. पेट्रोल दोन्हीकडे एकशे तीनच्या जवळ. निपाणीकडे वळणाऱ्या ट्रकला वळायचं कारण राहिलं नाही. या साडेतीन वर्षांत ना कारखाना हलला, ना नळवाहिनी, ना रस्त्याची लांबी. हलले ते फक्त दोन राज्यांचे कागद, आणि त्यांच्या तारखांशेजारी निवडणुकांचं कॅलेंडर ठेवलं तर बरंच काही आपसूक कळतं. कागदोपत्री १६ जून २०१७पासून देशात इंधनाचे भाव रोज सकाळी सहाला बदलतात. प्रत्यक्षात एप्रिल २०२२नंतर ते महिनोन्‌महिने जागचे हलले नाहीत. रोज बदलणारा दर वर्ष-वर्ष न बदलण्याचं कसब आपल्याच देशाला जमावं!

निपाणीच्या या गोष्टीतच प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची एक बाब दडलेली आहे. शेजारच्या राज्यांशी तुलना करताना पेट्रोल आणि डिझेल यांचे फरक सारखे नसतात. २०२५मध्ये अहमदाबादेत पेट्रोल मुंबईपेक्षा सुमारे नऊ रुपयांनी स्वस्त होतं. डिझेल? जवळपास त्याच भावात. गोव्यातही पेट्रोलचा फरक मोठा, डिझेलचा दीड-दोन रुपयांचा. असं का व्हावं? ट्रक पळून जाऊ शकतो. त्याची टाकी मोठी, रस्ता चार राज्यांचा, आणि मालक पैशा-पैशाचा हिशेब ठेवणारा. डिझेल शेजाऱ्यापेक्षा फार महाग ठेवलं तर गिऱ्हाईक हद्दीपलीकडे जातं, हे अर्थखात्यांना अनुभवाने कळलंय. पेट्रोल जाळणारी बहुतेक वाहनं मात्र दुचाकी. त्यांची टाकी दहा लिटरची, फेरी घर ते कामाची. परभणीचा शिक्षक किंवा बार्शीचा फळविक्रेता दहा लिटरसाठी वापीला जाणार नाही. म्हणून महाराष्ट्रात डिझेलवर २१ टक्के आणि पेट्रोलवर २५ टक्के अधिक पाच रुपये बारा पैसे. ज्याला हद्द गाठता येते त्याला सांभाळून घेतलं जातं, ज्याला येत नाही तो पूर्ण भाव मोजतो.

प्रत्येक हद्दीवर महाराष्ट्रच महाग असतो, असंही नाही. पश्चिमेला आणि दक्षिणेला चुकचुकणारा मराठी माणूस पूर्वेला किंवा मध्य प्रदेशाकडे गेला की त्याला आपलंच राज्य स्वस्त वाटू लागतं. तेलंगणात पेट्रोलवर ३५.२० टक्के व्हॅट. २०२५मध्ये हैदराबादेत पेट्रोल एकशे सात रुपयांच्या पुढे आणि डिझेल साडेपंचाण्णवच्या वर होतं. नागपूरहून हैदराबादला निघालेल्याने पांढरकवड्याच्या आसपास टाकी भरून घेणं शहाणपणाचं, देगलूर-बिलोलीकडून जाणाऱ्यानेही तेच करावं. भोपाळमध्ये तेव्हा पेट्रोल एकशे सहाच्या वर होतं, त्यामुळे धुळ्याहून इंदूरला जाताना शिरपूर सोडण्याआधीच पंप पाहावा. नवापूरची गंमत तर सर्वज्ञात आहे. तिथल्या रेल्वे स्थानकातून दोन राज्यांची हद्द जाते, फलाटावरचा एक बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. प्रवासी त्या बाकावर बसून फोटो काढतात. गावकरी मात्र हद्दीचा उपयोग फोटोपेक्षा टाकीसाठी जास्त करतात.

मुद्दाम वाट वाकडी करून स्वस्त पेट्रोल आणायला जावं का? याचं गणित सोपं आहे, आणि ते कारलाही तेच, दुचाकीलाही तेच. समजा भाव १०४ रुपये आणि पलीकडे नऊ रुपयांनी कमी. कार लिटरला १५ किलोमीटर देते आणि तुम्ही ३० लिटर भरता. वाचले २७० रुपये. किलोमीटरमागे खर्च सात रुपयांना थोडा कमी, म्हणजे जाऊन-येऊन ३९ किलोमीटरपर्यंतची चक्कर बरोबरीत सुटते. दुचाकी ४५ देते आणि टाकी १० लिटरची. वाचले ९० रुपये, किलोमीटरमागे खर्च सव्वादोनच्या जरा वर. उत्तर पुन्हा ३९. कारण दोन्ही टाक्यांत ४५० किलोमीटरचं पेट्रोल मावतं आणि भावातला फरक पावणेनऊ टक्के आहे; ४५०चे पावणेनऊ टक्के म्हणजे ३९. हद्द एका बाजूने वीस किलोमीटरच्या आत असेल तरच मुद्दाम जाण्यात अर्थ, आणि तोही आपला वेळ फुकटचा धरला तर. सावंतवाडीकराचं जमतं कारण तो तसाही कामाला जातच असतो. कणकवलीच्या माणसाने फक्त पेट्रोलसाठी पत्रादेवी गाठली तर तो पेट्रोल जाळून पेट्रोल आणतो.

पर्यटकाचं तसं नाही. त्याची वाट ठरलेली असते, थांबे हलवता येतात. पुण्याहून गोव्याला जाणाऱ्याने हद्दीपर्यंत पुरेल एवढंच भरून निघावं आणि परतताना गोव्यातून टाकी फुल करून यावं. एका सहलीत तीनशे-साडेतीनशे रुपये वाचतात, चौघांच्या मासळीच्या थाळीचा अख्खा खर्च नाही पण एखादी थाळी तरी नक्कीच. फक्त टाकीचा काटा अगदी तळाला नेऊन घाटात जुगार खेळू नये. आणि पंपाची नळी आपोआप बंद झाल्यावर ‘अजून बसेल’ म्हणत काठापर्यंत ओतूनही घेऊ नये, उन्हाने तापलेलं पेट्रोल प्रसरण पावतं आणि त्याच्या वाफेला जागा लागते. कॅन भरून आणायचा मोह अनेकांना होतो. घरगुती वापरासाठी विनापरवाना पेट्रोल जवळ बाळगण्याची कायद्यातली मर्यादा ३० लिटरची आहे, पण डिकीत पेट्रोलचा कॅन आणि मागच्या सीटवर मुलं हे दृश्य मर्यादेच्या आतलं असलं तरी शहाणपणाचं नाही.

या साऱ्यात ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही तो म्हणजे हद्दीच्या महाग बाजूचा पंपचालक. त्याला भाव ठरवता येत नाही. त्याचं कमिशन पेट्रोलवर लिटरमागे चार रुपयांच्या आसपास आणि डिझेलवर तीनच्या. शेजारचा पंप नऊ रुपयांनी स्वस्त असेल तर सगळं कमिशन सोडूनही त्याला बरोबरी करता येणार नाही. दिवसभर हवा भरून घेणारे येतात, शौचालय विचारणारे येतात, आणि भरतात शंभरचं. पलीकडच्या पंपावर ‘महाराष्ट्रापेक्षा इतके रुपये स्वस्त’ असे मराठी फलक झळकतात. भाषावादात कधी न मिळालेला मान मराठीला तिथे मिळतो.

गोव्याने एकदा हा खेळ अगदी टोकाला नेला होता. २०१२मध्ये मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी निवडणुकीत दिलेल्या आश्वासनाप्रमाणे पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला. एका रात्रीत पेट्रोल सुमारे ११ रुपयांनी उतरून पंचावन्नच्या घरात आलं. सिंधुदुर्गातून आणि कारवारच्या बाजूने गाड्यांचा ओघ लागला. पण खाणबंदीनंतर गोव्याच्या तिजोरीची ओढाताण सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत कर टप्प्याटप्प्याने परत चढला. जून २०२४मध्येही तो वाढला, पेट्रोल रुपयाने महागलं. तरीही हद्दीवरचा फरक टिकून राहिला तो महाराष्ट्राच्या कृपेने.

देशाच्या हद्दीवर हीच गोष्ट अधिकच गमतीदार होते. नेपाळला लागणारं सगळं पेट्रोल-डिझेल भारतातून जातं, इंडियन ऑइल ते पुरवते. बिहारमधल्या मोतिहारीपासून नेपाळमधल्या अमलेखगंजपर्यंत त्यासाठी नळवाहिनीही टाकलेली आहे, सप्टेंबर २०१९पासून ती चालू आहे. २०२१च्या सुरुवातीला भारतात भाव चढले तेव्हा रक्सौलच्या बाजूची माणसं दुचाकी घेऊन नेपाळात जाऊन टाकी भरून येऊ लागली. भारतातून गेलेलं पेट्रोल नेपाळचा कमी कर भरून भारतात परत येत होतं.

हे सगळं मिटवायचा उपाय म्हणून जीएसटीचं नाव घेतलं जातं. घटनादुरुस्ती करताना पेट्रोल आणि डिझेल जीएसटीच्या कक्षेत घेण्याची तरतूद झालेलीच आहे, लागू कधीपासून करायचं ते फक्त जीएसटी परिषदेने ठरवायचं. केरळ उच्च न्यायालयाच्या सूचनेवरून सप्टेंबर २०२१मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि ‘ही ती वेळ नव्हे’ असं ठरून बाजूला पडला. एरवी प्रत्येक मुद्द्यावर भांडणारी केंद्र आणि राज्यं यावर मात्र एकमताने गप्प आहेत. तोवर प्रवाशाच्या हाती तेल कंपन्यांची ॲप्स आहेत. त्यांत वाटेतल्या प्रत्येक पंपाचा त्या दिवशीचा भाव दिसतो. लांबच्या सहलीला निघताना हॉटेलचं आरक्षण तपासतो तितक्याच सहजपणे तो पाहता येतो.

आणि देशातलं सर्वांत स्वस्त पेट्रोल कुठे मिळतं? श्रीविजयपुरम, म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर. अंदमान-निकोबारमध्ये व्हॅट फक्त एक टक्का. २०२५मध्ये तिथे पेट्रोल साडेब्याऐंशी रुपयांना लिटर होतं, मुंबईपेक्षा एकवीस रुपयांनी कमी, परभणीपेक्षा चोवीस-पंचवीसने. तिथवरचं इंधन जहाजाने येतं, चेन्नईपासून हजार-बाराशे किलोमीटरचा समुद्र ओलांडून. वाहतुकीचा खर्च हेच महागाईचं कारण असतं तर तिथला भाव देशात सर्वांत चढा असायला हवा होता. परभणीच्या दुचाकीस्वाराला टाकी फुल करायला तिथवर जायचं झालं तर गाडी आधी बोटीवर चढवावी लागेल.